बोट रद्द झाली की पिक्टन दिसतं

पिक्टनला कुणी जात नाही, पिक्टनवरून जातात. न्यूझीलंडला येऊन गेलेल्या दहा मराठी माणसांना विचारा, आठ जण पिक्टनला उतरलेले असतील आणि त्यांतल्या सात जणांना गावाची एक गल्लीही आठवणार नाही. बोटीच्या पोटातून गाडी बाहेर काढायची, उजवी-डावी बघायची आणि सुटायचं ख्राइस्टचर्चच्या दिशेने. चूक त्यांची नाही. गावाची रचनाच तशी आहे. देशाचा स्टेट हायवे १ उत्तर बेटावर वेलिंग्टनला समुद्रापाशी तुटतो आणि इथे, दक्षिण बेटावर, धक्क्यावरून पुन्हा सुरू होतो. मधला तुकडा बोटीचा.

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण या तुकड्यावर माझं पोट चालतं. पिक्टनपासून तीसेक किलोमीटरवर ब्लेनमला एका ट्रकिंग कंपनीत मी डिस्पॅचला आहे. कुठला ट्रेलर कुठल्या सेलिंगवर चढवायचा, हे ठरवणं माझं काम. बोटीवरची जागा आमच्या धंद्यात लेन मीटरवर विकत घ्यायची असते, म्हणजे गाडीची लांबी मोजून पैसे. त्यामुळे मला बोटीतल्या प्रवाशांच्या सेल्फींपेक्षा ट्रेलर किती लांब आहे आणि चेक-इन किती वाजता बंद होतं, याची काळजी जास्त. घरी चहा पितानासुद्धा रस्त्यावर कॅम्परव्हॅनची माळ दिसली की बायको म्हणते, "लागली तुझी बोट." बोट लागली की अर्ध्या-पाऊण तासात ती माळ ब्लेनममधून जातेच.

आता थोडा भूगोल, कारण तो नकाशावर दिसतो तितका सरळ नाही. कुकची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम २२-२३ किलोमीटर. पण वेलिंग्टन ते पिक्टन हा बोटीचा रस्ता ९२ किलोमीटरचा आणि साडेतीन तासांचा. आणि "दक्षिण बेटावर चाललोय" म्हणताना माणूस दक्षिणेला जातच नाही; दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, बोट मुख्यतः पश्चिमेला जाते. उघडा समुद्र त्यातला थोडाच. नंतर बोट टोरी चॅनलच्या तोंडातून आत शिरते. ते तोंड इतकं अरुंद आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही बया इथे मावणार कशी. आत शिरलं की शेवटचा तासभर डोंगरांमधून जातो. मार्लबरो साउंड्स म्हणतात ते हे. हिमनदीने कोरलेले फ्योर्ड नव्हेत, समुद्रात बुडालेल्या नदीच्या दऱ्या आहेत. याच चॅनलच्या तोंडाशी पेरानो कुटुंबाचं देवमाशांच्या शिकारीचं ठाणं होतं, ते १९६४ मध्ये बंद झालं. आजही बोटीवरून त्याचे अवशेष दिसतात, पण त्या वेळी बहुतेक लोक कॅफेच्या रांगेत असतात.

या बुडालेल्या दरीच्या अगदी टोकाला पिक्टन आहे, आणि त्यामुळेच इथे एक भांडण वारंवार होतं. बाहेर सामुद्रधुनीत सदर्ली सुटलेली असते, म्हणजे थेट अंटार्क्टिकाच्या बाजूने येणारा दक्षिणेचा वारा. लाटा उंच, सेलिंग रद्द. आणि पिक्टनच्या धक्क्यावर? पाणी तळ्यासारखं गप्प. काउंटरवर माणूस लाल होऊन विचारतो, "अहो, लाट कुठाय लाट?" आतल्या पोरीला हे रोजचं. ती शांतपणे म्हणते, "इथे नाही, बाहेर आहे." मी अलिबागचा. पावसाळ्यात गेट वे-मांडवा बंद, हे आम्ही लहानपणापासून कॅलेंडरातल्या सणासारखं पाठ केलंय. इथे तसा हंगाम नाही. सदर्ली कुठल्याही महिन्यात येते.

मागे आई इकडे आली होती तेव्हा गणपतीला वेलिंग्टनच्या मित्राकडे जायचं ठरलं. आईने आदल्या रात्री मोदकांचं सारण करून डब्यात भरलं. ओला नारळ इथे मिळतो तो गोठवलेला आणि कीस इतका बारीक की आई त्याला नारळ मानायलाच तयार नव्हती, पण सारण जमलं. पिक्टनला पोचलो आणि फोनवर मेसेज: सेलिंग रद्द, पुढची जागा उद्या संध्याकाळी. दुसऱ्या कंपनीची बोटही बंद. मी डिस्पॅचवाला, मला वारा आधीच दिसला होता, पण गणपतीसमोर कोण हवामानखात्याचं ऐकतो!

मग दिवसभर पिक्टन. लंडन की नावाच्या रस्त्यालगत फोरशोर आहे, माडांच्या चुलत्यांसारखी पामची झाडं, मुलांची झुकझुक गाडी, समोर गप्प पाणी. आईने बाकावर डबा उघडला आणि आम्ही ते सारण चमच्याने खाल्लं. शेजारी अडकलेला एक ट्रकवाला बसला होता, गुरांची गाडी घेऊन निघालेला. बोट रद्द झाली की फळं-भाजीचा ट्रेलर फ्रीजवर उभा ठेवता येतो, गुरांचं तसं नाही. त्यांना उतरवून चारा-पाणी द्यावं लागतं, म्हणून तो सकाळीच फोनवर फोन करून कुणाचं तरी कुरण मिळवून आला होता. आईने त्यालाही चमचाभर सारण दिलं. त्याने विचारलं हे काय, मी म्हणालो देवाचं. "कुठल्या?" "जो आज वेलिंग्टनला आमची वाट बघतोय त्याचा." आई म्हणाली, "वाट बघू दे, त्याला घाई नसते. दीड दिवस तरी आहे."

दुपारी तिला 'एडविन फॉक्स' दाखवायला नेलं. हे मात्र मी कुणालाही सांगेन, बोट रद्द न होताही बघा. धक्क्याजवळच्या सुक्या गोदीत एका जुन्या जहाजाचा सांगाडा ठेवलाय. १८५३ साली कलकत्त्याला बांधलेलं, सागवानी. क्रिमियाच्या युद्धात सैनिक वाहिले, १८५८ मध्ये इंग्लंडचे कैदी पश्चिम ऑस्ट्रेलियाला नेऊन सोडले, १८७० च्या दशकात वसाहतवाल्यांना न्यूझीलंडला आणलं. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या जहाजांपैकी आज हेच एक उरलंय. पुढे वाफेच्या बोटी आल्या आणि याची शिडं उतरवली. मेंढ्यांचं मांस गोठवायचं तरंगतं कोठार केलं, १८९७ मध्ये पिक्टनला आणून नांगरलं, शेवटी कोळशाची वखार. १९६५ मध्ये जतन करणाऱ्या मंडळींनी ते एका शिलिंगला विकत घेतलं. एक शिलिंग!

गोदीत उतरून थेट त्याच्या बुडाखाली उभं राहता येतं. आईचे वडील सुतार. तिने फळ्यांकडे बघितलं, नाक लावलं नाही इतकंच, आणि म्हणाली, "सागवानच. बाभळीचं असतं तर एव्हाना भुगा." मी माहितीचा फलक वाचून जे सांगणार होतो ते तिने आधीच सांगून टाकलं. मला मात्र वेगळीच गंमत वाटते. ज्या बंदरात सगळे पुढे जायला येतात, तिथे कायमचं राहिलेलं जहाज नेमकं आपल्याकडचं निघावं.

बाकी पिक्टनचं बोटीशी नातं सुखाचंच आहे असं नाही. १९६२ मध्ये 'अरामोआना' ही रेल्वेफेरी आली आणि रेल्वेचे डबे रुळांवरून थेट बोटीत शिरायला लागले. या गावाचं भाग्य खरं तेव्हा फिरलं. १९९० च्या दशकात वेगवान कॅटामरान आल्या, त्यांच्या लाटांनी साउंड्समधले किनारे धुऊन निघायला लागले, लोकांनी ओरड केली आणि वेगाला मर्यादा आली. १९८६ च्या फेब्रुवारीत 'मिखाइल लेर्मोन्तोव' हे सोव्हिएत प्रवासी जहाज इथून निघालं आणि केप जॅक्सनपाशी खडकावर आपटून त्याच दिवशी बुडालं. सातशेहून जास्त माणसं होती, एक कर्मचारी सोडून सगळी वाचली. धावून गेलेल्यांत रेल्वेफेरी 'अराहुरा' होती. २०२३ च्या जानेवारीत 'कैताकी' ही फेरी आठशेहून जास्त माणसं घेऊन ऐन सामुद्रधुनीत बंद पडली आणि किनाऱ्याकडे वाहत चालली, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणी बोलत नव्हतं.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'अरातेरे' निवृत्त झाली. रेल्वेचे डबे पोटात घेणारी ती शेवटची. आता रुळ धक्क्यापर्यंत येतात आणि थांबतात. मालगाडीतला माल इथे ट्रेलरवर चढतो, बोटीने पलीकडे जातो आणि वेलिंग्टनला पुन्हा डब्यात. नव्या दोन रेल्वेफेऱ्या २०२९ मध्ये यायच्या आहेत, त्यांच्यासाठी धक्क्याचं कामही काढलंय. त्याआधीची एक योजना सरकारने २०२३ च्या अखेरीस पैसे नाकारून गुंडाळली होती, म्हणून इथली माणसं २०२९ म्हणताना जरा खाकरतात. आम्हा ट्रकवाल्यांचा धंदा मधल्या काळात वाढला, हे मी कबूल करतो. तरी मला विचाराल तर डबा उचलून ट्रेलरवर, ट्रेलरवरून परत डब्यात, हा उद्योग काही बरोबर नाही. अख्खी मालगाडी बोटीत सरपटत शिरताना बघणं हा या गावातला फुकटचा तमाशा होता, तोही गेला.

इकडे येणार असाल तर दोन गोष्टी. भाड्याची गाडी बऱ्याच कंपन्या वेलिंग्टनला सोडायला लावतात आणि पिक्टनला दुसरी देतात, तेव्हा सामान आवरून ठेवा. आणि पोचल्या पोचल्या पळू नका. टपालाची बोट साउंड्समधल्या रस्ता नसलेल्या घरांना पत्रं आणि किराणा पोचवायला निघते, तिच्यावर प्रवासी घेतात, ती पकडा. उलट्या दिशेला, वेलिंग्टनकडे निघाला असाल आणि सदर्लीचा अंदाज असेल, तर पुढच्या बाजूची देखणी खिडकी सोडा. बोटीच्या मधोमध, जमेल तितकं खाली बसा, आणि सारणाचा डबा मांडीवर घट्ट धरा.