मसुद्यातला पटवारी

शुक्रवारी दुपारी साडेचारला पुण्यातल्या आमच्या कचेरीत एका खात्याचा सेवा हमीचा मसुदा तपासायला आला. अधिसूचित सेवा, त्यांच्या मुदती, अपिलाचे टप्पे. अभिप्राय सोमवारी सकाळी हवा, म्हणजे नेहमीसारखंच. तिसऱ्या पानावर वाक्य सापडलं : ‘पटवाऱ्याचा अहवाल प्राप्त झाल्यापासून सात दिवसांत’. विदर्भात बोलताना पटवारी म्हणतात, पण आपल्या सरकारी कागदावर तलाठी असतो, आणि २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी. पुढच्या पानावर ‘जनपद पंचायत’ दिसली आणि शंका मिटली. आपल्याकडे पंचायत समिती असते; जनपद पंचायत मध्य प्रदेशात.

दुसऱ्या राज्याचा मजकूर उचलला यात गैर काही नाही. सेवा हमीचा कायदा, म्हणजे सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत न दिल्यास अधिकाऱ्याला दंड, असाच पसरला. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला, बिहारने २०११ मध्ये, मग एकामागोमाग बरीच राज्यं. महाराष्ट्र २०१५ मध्ये. कोणी कोणाचं पाहून लिहिलं हे शोधायचं तर प्रस्तावना वाचू नये, ती सगळेच नव्याने लिहितात. आकडे बघावेत. उशिराच्या दर दिवसाला २५० रुपये दंड हा आकडा २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० मध्ये आहे, कमाल २५,०००. मध्य प्रदेशात रोजचे २५० तसेच राहिले, कमाल ५,००० वर आली. बिहारमध्येही तेच. आपल्या कायद्यात रोजचा हिशेब गळाला आणि किमान ५००, कमाल ५,००० एवढं उरलं. कर्नाटकाच्या ‘सकाल’ या सेवा हमी योजनेत वेगळीच रचना : अर्जदाराला दिवसाला २० रुपये भरपाई, जास्तीत जास्त ५००. तिथे कोणीतरी कोरा कागद घेऊन बसलं होतं, हे आकड्यावरूनच कळतं.

शनिवार गेला तो न आलेल्या मजकुरात. मध्य प्रदेशाची सगळी व्यवस्था पावतीवर उभी आहे. अर्ज पूर्ण असेल तर सेवा कोणत्या तारखेपर्यंत मिळेल ते पावतीवरच लिहून द्यायचं. कागद कमी असेल तर कोणता, तेही त्याच पावतीवर; मग तारीख नाही. हा तपशील कायद्याखाली वेगळ्याने केलेल्या नियमांत असतो. आमच्या मसुद्यात अधिनियमाची कलमं उतरली होती, नियम कोणी उघडलेच नव्हते. त्यामुळे मुदत ‘परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून’ सुरू. परिपूर्ण कोणी ठरवायचं? टेबलावरच्या कारकुनाने. पंधरा दिवसांची सेवा असेल तर बाराव्या दिवशी ‘रहिवासाचा पुरावा जुना आहे’ म्हणून अर्ज परत. नवा पुरावा जोडला की पुन्हा पहिला दिवस. संगणकावर प्रत्येक अर्ज मुदतीत निकाली, आढावा बैठकीत हिरवा तक्ता, आणि लेखी नकारच नसल्यामुळे अपील कशावर करायचं हेही अर्जदाराला कळत नाही. कारकुनाला दोष देऊन उपयोग नाही. चार जणांचं काम एकटा ओढत असेल तर तोही मजकुरातली फट शोधणारच.

अभ्यासदौऱ्यांचा यात मोठा वाटा. दौऱ्यावरून पुस्तिका येते, सादरीकरण येतं, छायाचित्रं येतात. खिडकीवर अर्धा दिवस उभं राहून पावती कशी फाडतात ते पाहिलेला माणूस मात्र क्वचितच परत येतो. बरं, घरचं तरी आठवावं? दफ्तर दिरंगाईचा कायदा आपलाच, २००५ चा. कलम १० म्हणतं की फाइल कोणाही कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. मसुद्यात त्याचा उल्लेखही नव्हता.

रोख रकमेच्या योजनांना ही अडचण येत नाही. मध्य प्रदेशातल्या लाडली बहनाचा पहिला हप्ता जून २०२३ मध्ये पडला, लाडकी बहीणचा शासन निर्णय जून २०२४ मध्ये निघाला. नावसुद्धा जवळपास तेच. बँक खातं आणि आधार सगळीकडे सारखं, त्यामुळे सीमा ओलांडायला वर्ष पुरलं. उलट आपली रोजगार हमी : १९७७ चा कायदा, देशासाठी तसा कायदा व्हायला २००५ उजाडलं. आणि वाटेत गळलं काय, तर दिवसांना मर्यादा नसलेली हमी. केंद्राच्या २००५ च्या कायद्यात कुटुंबामागे शंभर दिवस झाले. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, ही अट मात्र शाबूत पोचली.

सोमवारी अभिप्रायात दोन मुद्दे दिले. पदनामं दुरुस्त करावीत. आणि पावतीचं कलम, नमुन्यासह : त्रुटी एकदाच, सगळ्या एकत्र, अर्ज घेतानाच लिहाव्यात, नंतर नवी त्रुटी काढल्यास मुदत थांबणार नाही. मंगळवारी उत्तर आलं. पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्यासमोर पेन्सिलीने, ‘नियम करताना पाहता येईल’.

आता तो मसुदा वाचला तर इथेच लिहिलेला वाटतो. तलाठीसुद्धा नाही, नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी. पटवारी तसाच राहू दिला असता तर वरच्या एखाद्या टेबलावर कोणीतरी विचारलं असतं, हा इथे कुठून आला, आणि कदाचित मूळ नियम मागवले असते. तो मीच पुसला.