कणेरी मठाच्या शिल्पग्रामात आईबरोबर एक दिवस

डिसेंबरमधल्या एका रविवारी आई, दहा वर्षांचा भाचा आणि मी असे तिघे कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहून आलो. पुणे-बंगळुरू महामार्गाने कोल्हापूर सोडले की गोकुळ शिरगावजवळ कणेरीचा फाटा लागतो. शहरापासून हे अंतर बारा-तेरा किलोमीटर आहे. स्वतःचे वाहन नसेल, तर रिक्षा जाऊन-येऊन ठरवावी.

प्राचीन ऋषिमुनींच्या मूर्तींची गुहा आम्ही थोडक्यात पाहिली, कारण खरे आकर्षण पुढच्या मोकळ्या शिवारात आहे. सुमारे सात एकरांवर सिमेंटची, माणसाच्या उंचीची तीनशेच्या आसपास शिल्पे असून त्यांतून स्वयंपूर्ण गावाचे ऐंशीएक प्रसंग उभे केले आहेत. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलेला गडी, खेळणारी मुले, हे सारे बंद दालनात किंवा काचेआड नसून मोकळ्यावर, झाडापिकांच्या मधे आहे, आणि म्हणूनच दुरून पाहताना शिल्प कोणते आणि तिथे काम करणारा माणूस कोणता, हे क्षणभर कळत नाही.

बैलांकरवी विहिरीचे पाणी काढणाऱ्या मोटेपाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो. आईचे बालपण मोटेच्या विहिरीवर गेले असल्यामुळे चामड्याची मोट, ती ओढणारा जाड नाडा, तिच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, बैलांच्या ये-जा करण्याची उतरती वाट म्हणजे धाव आणि पाणी ओतले जाते ते थारोळे, असा एकेक शब्द ती सांगत गेली आणि भाचा तो शिल्पात शोधत गेला. माझा पहिला सल्ला हाच आहे, की घरातील ज्येष्ठ माणसाला अवश्य बरोबर न्यावे. त्यांच्या सांगण्यावाचून मुलांना ही केवळ सुबक चित्रे वाटतील.

मुलांना आणखी एक गोष्ट समजावून द्यावी. लोहार-कुंभारासारखा बलुतेदार वर्षभर गावाचे काम करी आणि सुगीला त्याला धान्याच्या रूपाने बलुते मिळे, हे खरे. परंतु कोणते काम कोणी करायचे हे जन्माने ठरत असे आणि काहींना गावकुसाबाहेरच राहावे लागे, हेही तितकेच खरे आहे. कारागिरांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि म्हणूनच त्यांच्या वाट्याला आलेला अन्याय मुलांपासून लपवू नये असे वाटते.

नीट पाहायचे तर तीन तास लागतात. सावली मोजकीच आहे, त्यामुळे हिवाळ्यातही टोपी आणि पाण्याची बाटली हवी, तर उन्हाळ्यात सकाळीच जाऊन दुपारच्या आत बाहेर पडावे. आईला सलग चालणे जड गेले. ज्येष्ठांना मधूनमधून बसवत न्यावे आणि पायांत सपाट चपला असाव्यात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येतात आणि रविवारी तर पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून शक्य असल्यास आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा. तिकिटाचे दर आणि वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. मठातील जुन्या शिवमंदिराच्या दर्शनासाठी अर्धा तास वेगळा ठेवावा. आम्ही ते शेवटी ठेवले आणि घाईत उरकले, याची आईला रुखरुख लागली.