गोरज मुहूर्त

सोसायटीची मीटिंग ऐन रंगात आली होती. पाण्याच्या टाकीवरून दोन विंगांची जुंपलेली, आणि मी सात वाजता उठले. सेक्रेटरींनी विचारलं, "अहो, कुठे निघालात?" "लग्न आहे," म्हटलं आणि तडक गच्चीत गेले. खोटं नव्हतं ते. दुधीचं लग्न होतं आणि मुहूर्त टळून चालणार नव्हता.

हा वेल मी मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर रंगाच्या 20 लिटरच्या बादलीत लावला. बादलीला तळाशी भोकं पाडली. त्यांवर फुटक्या खापऱ्या, नारळाच्या शेंड्या, मग माती आणि वर्षभर भाज्यांच्या सालींचं मुरवलेलं खत. बिया रात्रभर भिजवून चार पेरल्या. तीन उगवल्या, त्यातल्या दोन गोगलगायींनी रातोरात फस्त केल्या. उरलेला एक मात्र असा काही सुटला, की कपडे वाळत घालायची दोरी त्याने महिन्याभरात बळकावली. टॉवेल घरात पंख्याखाली वाळू लागले.

ऑगस्टच्या सुरुवातीला फुलं आली. दुधीचं फूल पांढरंशुभ्र, इस्त्री न केलेल्या मलमलीसारखं. दिवेलागणीला उमलतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत मान टाकतं. मी रोज संध्याकाळी मोजायचे. आज पाच, आज नऊ. दुधीचा पत्ता नाही. शेवटी तळमजल्यावरच्या आजींना लिफ्टने वर आणलं. त्या जुन्नरकडच्या, उभा जन्म मळ्यात गेलेला. त्यांनी वेलाकडे एकदाच पाहिलं.

"अगं, हे सगळे नवरदेवच हायेत. नवरी कुठंय?"

नर फुलाला नुसताच लांब देठ असतो. मादी फुलाच्या पाठीशी मात्र बोटाच्या पेराएवढा, लवदार दुधी जन्मापासूनच असतो. मुख्य वेलावर बहुतेक नर फुलंच येतात आणि मादी फुलं धरतात ती बाजूच्या फुटव्यांवर. फुटवे हवेत तर शेंडा खुडायचा. दीड-दोन महिने जपलेल्या वेलाचा शेंडा! माझा हात काही पुढे होईना. आजींनी सुनेच्या तब्येतीची चौकशी करता करताच तो नखाने खुडला आणि पदराला बोटं पुसली.

दहा-बारा दिवसांत फुटव्यांवर नवऱ्या आल्या. पहिल्या चार पिवळ्या पडून गळाल्या. फूल रात्री फुलणारं, तेव्हा त्याच्याकडे येणारे पाहुणेही रात्रीचे, पतंगासारखे. आमच्या गच्चीसमोर होर्डिंगचा लखलखाट आहे. पतंग तिकडेच गुंतून पडत असावेत, हा माझा संशय. मग भटजी मीच झाले. ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि परागांनी माखलेला मधला भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचा. झालं. मंगलाष्टकं ऐच्छिक. नवरा टॉर्च धरून उभा होता, तो एवढंच म्हणाला, "आपल्या वेळी तीन तास लागले होते."

लग्न लागलं की नाही हे तीन-चार दिवसांत कळतं. पेराएवढा होता तो अंगठ्याएवढा झाला, म्हणजे लागलं. पुढची भीती फळमाशीची. तिने डंख मारला की फळ वाकडं होतं आणि आतून सडतं. मी जुन्या ओढणीची झोळी शिवून त्याला आत घातलं.

या गडबडीत कढीपत्त्याकडे बघायचं राहिलं. एक दिवस पाहिलं तर निम्मं झाड बोडकं! पानांवर कुणा पक्ष्याची शीट पडली असं समजून पाणी मारायला गेले, तर शीट चालायला लागली. फुलपाखराच्या अळ्या होत्या. थोड्या मोठ्या झाल्या की त्याच हिरव्यागार होतात आणि काडीने डिवचलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडतात. मी दोनदा डिवचलं, खोटं कशाला बोलू. 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला ते ब्लू मॉरमॉन याच गोतावळ्यातलं, म्हणून जरा आशा होती. आमच्याकडून उडालं ते काळ्यावर फिकट पिवळे ठिपके असलेलं, साधंच. तरी त्या दिवशी कढीला फोडणी कढीपत्त्याशिवाय दिली आणि कुणी कुरकुरलं नाही.

पंधराव्या दिवशी दुधी काढला. नख सहज रुतत होतं, म्हणजे कोवळा. वजन सातशे ग्रॅम. बादली, नीमपेंड, सुतळी धरून त्याचा भाव काय पडला ते नवऱ्याने कागदावर मांडलं. तो कागद मी खतात टाकला. चिरताना आधी एक कच्ची चकती चाखली, कारण कडू दुधी विषारी असू शकतो, तो सरळ फेकायचा. हा गोड निघाला. अर्धा आजींकडे गेला. अर्ध्याची चण्याची डाळ घालून भाजी केली. सालींची तीळ घालून खमंग चटणी झाली, तिची वाटी सेक्रेटरींकडे पाठवली.

टाकीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. काल लिफ्टपाशी पुढच्या मीटिंगची नोटीस लागली. वेळ, रात्री साडेआठ. खाली पेनाने कुणीतरी लिहिलंय, 'लग्न आटोपून यावे.'