नावांशी देणंघेणं नसलेली डिस्क

रविवार, रात्री उशिरा

आज दिवसभर लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या २.६.३० आवृत्तीचा जुना सोर्स कोड उघडून त्यातली एक्सोएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली कुठे नि कशा ठेवायच्या ते पाहणारा कोड) वाचत बसलो. आई दोनदा डोकावून गेली. सुट्टीच्या दिवशीही ऑफिसचं काम का, म्हणाली. ऑफिसचं नाही म्हटल्यावर, मग कशाला, हा पुढचा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्वतःसाठी एक छोटी फाइल सिस्टीम लिहायची हे बरेच दिवस डोक्यात आहे. साधी नाही, ऑब्जेक्ट, म्हणजे नाव नसलेले, फक्त क्रमांक असलेले डेटाचे गठ्ठे, साठवणाऱ्या डिस्कच्या पोटात बसेल अशी. त्याआधी त्या डिस्कशी वरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूने, बोलणारा कोड कसा दिसतो ते पाहायचं होतं. एक्सोएफएस म्हणजे तोच.

नेहमीच्या डिस्कला फक्त ब्लॉक, म्हणजे ठरावीक आकाराचे कप्पे, कळतात. कुठला ब्लॉक कुणाचा आणि मोकळी जागा कुठे, ही सगळी उठाठेव वरच्या फाइल सिस्टीमची. गार्थ गिब्सन आणि कार्नेगी मेलनमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे वाटप बदलायचं ठरवलं. डिस्कमध्ये तसाही प्रोसेसर असतोच, मग जागेचा हिशेब तिनंच ठेवावा. देवळाबाहेर चपला सांभाळणारा टोकन देतो. चप्पल कुठल्या फळीवर ठेवली याच्याशी आपल्याला काय करायचंय? ऑब्जेक्टचा क्रमांक म्हणजे ते टोकन. पुढे २००४ मध्ये स्कझीच्या (कॉम्प्युटरने डिस्कशी बोलायच्या एका पद्धतीच्या) आज्ञांच्या रूपात याचं अधिकृत मानकही आलं.

एक्सोएफएसची सुरुवात आयबीएमच्या हैफामधल्या प्रयोगशाळेत झाली, नंतर पॅनासस कंपनीच्या बोआझ हॅरोशने ती सांभाळली. सांगाडा सरळ एक्स्ट२ या लिनक्सच्या जुन्या, साध्या फाइल सिस्टीमचा. म्हणूनच वाचायला मजा आली, कारण काय गळालंय ते लगेच दिसतं. एक्स्ट२ मध्ये मोकळ्या ब्लॉकचं वाटप करणारी कोडची एक अख्खी फाइल आहे. इथे ती नाहीच! आयनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद. तिच्या क्रमांकात ६५,५३६ मिळवले की ऑब्जेक्टचा क्रमांक तयार, कारण त्याखालचे क्रमांक मानकाने राखून ठेवलेत. आयनोडसुद्धा वेगळ्या तक्त्यात नाही, तर त्याच ऑब्जेक्टला चिकटवलेला एक गुणधर्म म्हणून राहतो. डिरेक्टरी हेही एक ऑब्जेक्टच, आत नावं आणि क्रमांकांच्या जोड्या.

सगळ्यात आवडलं ते फाइल तयार करणं. ऑब्जेक्ट बनवायची आज्ञा डिस्ककडे रवाना होते आणि उत्तराची वाट न बघता कोड पुढे जातो. नंतर कुणाला तो ऑब्जेक्ट खरंच लागला तर तेवढ्यापुरतं थांबायचं. डिस्क नेटवर्कच्या पलीकडे असताना हा शहाणपणा हवाच.

पण वरून गळालेलं काम नाहीसं थोडंच होतं? ते डिस्कच्या आत जातं, आणि तिथे कुणीतरी फाइल सिस्टीम लिहावीच लागते. मला लिहायचीय ती हीच. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मंडळींनी २००४ मध्ये ओबीएफएस नावाची एक लिहिली होती. त्यांचा मुद्दा साधा: आत येणाऱ्या ऑब्जेक्टना नावं नाहीत, डिरेक्टऱ्यांची उतरंड नाही, आणि मोठ्या फाइलींचे वरच तुकडे होत असल्याने आकारही बराचसा ठरलेला. मग सगळ्यांना पुरून उरणारी यंत्रणा कशाला? ब्लॉकचे दोनच आकार ठेवले, ४ किलोबाइट आणि ५१२ किलोबाइट, आणि डिस्कच्या एकेका पट्ट्यात एकाच आकाराचे ब्लॉक. कोड एक्सएफएस या लिनक्सवरच्या मोठ्या फाइल सिस्टीमच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा, तरी लिहिण्याचा वेग १० ते ४० टक्के जास्त. वाचण्यात किंचित मागे. मला हा सौदा फार आवडतो.

डिस्क मात्र आलीच नाही. म्हणजे दुकानात जाऊन विकत घ्यावी अशी. एक्सोएफएस चालवून बघायला ओहायोच्या सुपरकॉम्प्युटर केंद्राने केलेली सॉफ्टवेअरची नकली डिस्क वापरत, आणि तिच्या आत ऑब्जेक्ट कुठे, तर साध्या फाइलींमध्ये. गुणधर्म एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. नेहमीची फाइल सिस्टीम टाळायची, तर तीच पुन्हा पायाशी. अखेर २०१९ मध्ये लिनक्स ५.१ मधून एक्सोएफएस काढून टाकली. तक्रार तरी कशी करणार, वापरणारं होतं कोण!

कल्पना मात्र सॉफ्टवेअरमध्ये टिकली, सेफ या अनेक मशीनवर डेटा साठवणाऱ्या प्रणालीत. ती लिहिणाऱ्यांचीही वाट वळणावळणाची. आधी ऑब्जेक्टसाठी स्वतःची ईबीओएफएस लिहिली, मग ती सोडून बीटीआरएफएस आणि एक्सएफएस या तयार फाइल सिस्टीमवर गेले. तिथे प्रत्येक लिखाण आधी जर्नल नावाच्या नोंदवहीत आणि मग जागेवर, म्हणजे दुप्पट. ऑब्जेक्ट ठरावीक क्रमाने मोजायचे तर फाइल सिस्टीम तो क्रम देत नाही, म्हणून डिरेक्टऱ्या फोडत बसायचं. शेवटी २०१७ च्या आवृत्तीत ब्लूस्टोअर आलं: डेटा थेट कोऱ्या डिस्कवर, नोंदी रॉक्सडीबी या की-व्हॅल्यू स्टोअरमध्ये, म्हणजे किल्ली दिली की तिच्या नावावरची नोंद परत देणाऱ्या साठ्यात. इतक्या वर्षांनी मुक्कामाला आले ते पहिल्याच गावी, फक्त सामान चांगलं घेऊन. आमच्या ऑफिसात अजूनही कुणीतरी म्हणतं, खाली एक्सएफएस टाका आणि मोकळे व्हा. मला ते पटत नाही. नाव नसलेल्या गोष्टीला खोटं नाव देऊन डिरेक्टरीत ठेवायचं आणि मग ते नाव शोधायला वेळ घालवायचा, यात सोय आहे ती लिहिणाऱ्याची.

तर माझं असं ठरतंय: दोन आकारांचे ब्लॉक ओबीएफएसकडून घ्यायचे, नोंदी मात्र स्वतः लिहायच्या नाहीत, तयार की-व्हॅल्यू स्टोअरमध्ये ठेवायच्या. छोटा बदल असेल तर डेटाही आधी तिथेच टाकायचा आणि सवडीने ब्लॉकमध्ये उतरवायचा, ब्लूस्टोअर करतं तसं. मोठा असेल तर नव्या ब्लॉकवर लिहून शेवटी फक्त नोंद बदलायची. मधेच वीज गेली तर जुना ऑब्जेक्ट शाबूत. मोकळ्या जागेचा नकाशा कुठे ठेवायचा हे तेवढं राहिलंय. मेमरीत ठेवून दर वेळी नोंदींवरून उभा करायचा विचार आहे. पट्टे असल्यामुळे तो फार मोठा होणार नाही. उद्या ऑफिसहून आल्यावर आधी तेवढाच भाग लिहून बघतो.