आईची जीभ आणि इंडियन पुडिंग

रविवार, रात्री साडेनऊ

आज आईला सडबरीच्या वेसाइड इनला जेवायला नेलं. बॉस्टनच्या पश्चिमेला वीसेक मैल, जुन्या पोस्ट रोडवर. १७१६ साली डेव्हिड हाउ नावाच्या माणसाने राहत्या घरातच वाटसरूंची राहण्याजेवणाची सोय सुरू केली, आणि १८६१ पर्यंत ती त्याच घराण्याकडे होती. मी तारीख सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तेव्हा आपल्याकडे साताऱ्याला शाहू महाराज होते की गं!" ती साताऱ्याची, तिचं सगळं मोजमाप तिथूनच सुरू होतं आणि मला ते फार आवडतं.

सगळं तेव्हाचं उरलेलं नाहीये, १९५५ च्या डिसेंबरात मोठी आग लागली, बरंच जळलं, मग दुरुस्त करून १९५८ ला परत उघडलं. पण ठेंगणं छत, जाड तुळया, पायाखाली कुरकुरणारी फळी, आई दारातून आत येताना आपसूक वाकली, माहेरच्या माजघरात शिरताना वाकायची तशी.

आधी चिकन पॉट पाय खाल्ला, चांगला होता. मग गोडाला इंडियन पुडिंग मागवलं. त्या नावाचा आपल्या इंडियाशी काही संबंध नाही, इंग्लंडहून आलेले लोक इथल्या मूळच्या लोकांना इंडियन म्हणायचे, मका त्यांच्याकडून मिळाला म्हणून मक्याच्या पिठाला इंडियन मील, गहू इथे नीट यायचा नाही, मग गावाकडची पुडिंगं ते मक्यातच करायला लागले. दूध, मक्याचं पीठ, मोलॅसेस, सुंठ, दालचिनी, आणि मंद आचेवर तासन्‌तास भाजायचं. दिसायला तपकिरी, रवाळ, वर व्हॅनिला आइस्क्रीम वितळत होतं.

आईने पहिला चमचा घेतला आणि एकदम म्हणाली, "काकवी!" दुसरा घेतला, डोळे मिटले, "नाही गं, काकवी नाही. शेवटी कडवट लागतंय. साखर काढून घेतल्यावर उरते ना, त्यातलं आहे हे." तिच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं, तिला कोण फसवणार. अगदी बरोबर ओळखलं तिने, मोलॅसेस तेच. आणि ते यायचं कॅरिबियन बेटांवरून, तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबायचे, जहाजं भरभरून माल न्यू इंग्लंडला यायचा आणि इथे त्याची रम व्हायची. मी हे सांगत होते तेव्हा आईने चमचा खाली ठेवला. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ऊस तोडणाऱ्याच्या हाताला काय होतं ते मी पाह्यलंय." उरलेलं तिने सावकाश संपवलं, वाटीत काही ठेवलं नाही.

नंतर पाणचक्कीपर्यंत चालत गेलो. ती हेन्री फोर्डने १९२९ ला बांधून घेतलेली, त्याने १९२३ मध्ये ही जागा विकत घेतली होती. दगडी जात्यांची पिठाची गिरणी आहे. आई किती वेळ त्या चाकाकडे बघत उभी होती, मीही घाई केली नाही, वारा गार होता म्हणून फक्त तिची शाल नीट केली.

येताना दुकानातून मक्याचं पीठ घेतलं. आईने बॅगेतून साताऱ्याहून आणलेली काकवीची बाटली काढलीये, सुंठ पण तिचीच. आत्ता ओव्हनमध्ये आहे, अजून तासभर तरी लागेल, आई खुर्ची ओढून समोर बसलीये आणि दर दहा मिनिटांनी विचारतेय, वास आला का गं?