मसाकाहून चालत आलेली मुलं

२ जूनच्या संध्याकाळी युगांडाची राजधानी कंपालाजवळच्या किरेकाला टॅक्सी थांबली ती थांबलीच. कंपालात चौदा जणांच्या व्हॅनला टॅक्सी म्हणतात. पुढे रस्ता दिसतच नव्हता, नुसती माणसं. मग मीही उतरले आणि नामुगोंगोच्या दिशेने चालू लागले. ३ जूनला तिथे युगांडाच्या ख्रिस्ती हुतात्म्यांची यात्रा भरते.

माझ्या पुढे पंचवीस-तीस शाळकरी मुलांचा घोळका होता. पाठीवर गुंडाळलेल्या चटया, पायात लुगाबिरे, म्हणजे जुन्या टायरच्या रबरातून कापलेल्या चपला. एका मुलाच्या चपलेचा पट्टा तुटलेला. त्याने तो केळीच्या वाळल्या सोपटाने बांधला होता आणि पाय ओढत, पण मोठ्याने गात चालला होता. सगळे मसाकाहून पायी निघालेले. सव्वाशे किलोमीटरहून जास्त! वाटेत कायाब्वेला आपण विषुववृत्त ओलांडलं, हे तिघा-चौघांनी वेगवेगळं येऊन मला सांगितलं.

त्यांची पुढारीण एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. मी 'मुयिंदी', म्हणजे भारतीय, म्हणजे हिंदूच असणार असं तिने धरलं होतं. मी वसईची, कॅथलिक, शाळेत असताना वायसीएसमध्ये होते म्हटल्यावर ती भर रस्त्यात थांबली. यंग ख्रिश्चन स्टुडंट्स! तीही त्याच चळवळीत वाढलेली. पिशवीतून तिने वही काढली. प्रत्येक पानावर तीन रकाने: पाहा, पारखा, करा. बेल्जियमच्या फादर जोसेफ कार्डाइन यांनी कामगार मुलांसाठी घालून दिलेली ही रीत आमच्या धर्मग्रामातल्या फळ्यावर मी कितीदा तरी लिहिली आहे. इथे ती लुगांडात, म्हणजे इथल्या भाषेत होती, निळ्या पेनाने लिहिलेली. माझा गळा दाटून आला.

एक पान मी तिच्याकडून नीट समजून घेतलं. 'पाहा'खाली: वर्गातल्या काही मुली महिन्यातून चार दिवस शाळेत येत नाहीत. 'पारखा'खाली: त्या आळशी नाहीत, पॅड घ्यायला पैसे नाहीत आणि घरी बोलायची सोय नाही. 'करा'खाली: कापड, सुई-दोरा, शनिवारी दुपारी शिवण. शिवायला मुलगेही बसले, हे सांगताना तिचा चेहरा उजळला. लाउडस्पीकर लावून होणाऱ्या मोठ्या सभा कंपालात मी पाहिल्या, गर्दीही दांडगी असते. पण मला विचाराल, तर हे पान त्या सगळ्यांहून मोठं आहे.

मुलांनी मुलांना शिकवायचं, ही गोष्ट इथे आजची नाही. फ्रान्सचे व्हाइट फादर्स, म्हणजे कॅथलिक मिशनरी, १८७९ मध्ये बुगांडात, म्हणजे इथल्या जुन्या राज्यात आले. त्यांच्यातल्या फादर लूर्देल यांना लोक 'मापेरा' म्हणत. फ्रेंच 'मों पेर', म्हणजे 'माझे फादर', लुगांडात असं झालं. १८८२ मध्ये धोका वाढला तशी मिशनरी मंडळी व्हिक्टोरिया सरोवरापलीकडे निघून गेली. १८८५ मध्ये परत येऊन बघतात तर श्रद्धावंत वाढलेले! राजवाड्यातल्या तरुण सेवकांनी एकमेकांना प्रार्थना शिकवल्या होत्या. त्यांचा आधार होता जोसेफ मुकासा बालिकुद्देम्बे. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजा म्वांगाने त्याला ठार करवलं, तेव्हा चार्ल्स ल्वांगा पुढे झाला. मे १८८६ मध्ये, मरण दारात उभं असताना, मुन्योन्यो इथे त्याने रातोरात किझिटो नावाच्या पोराला बाप्तिस्मा दिला. किझिटो जेमतेम चौदा वर्षांचा. ३ जूनला नामुगोंगोत या श्रद्धावंतांना बोरूच्या चटयांत गुंडाळून जाळलं, कॅथलिकांना आणि अँग्लिकनांनाही. मारेकऱ्यांचा म्होरक्या मुकाजांगा याने सांभाळलेला मुलगाही त्यांच्यात होता. छळात मारलेल्या २२ कॅथलिकांना पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये संत घोषित केलं.

आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. त्यांची गोष्ट मला आजीने सांगितली. किझिटोची गोष्ट तुला कुणी सांगितली, असं मी त्या सोपटवाल्या मुलाला विचारलं. "वरच्या वर्गातल्या मुलाने."

रात्र चटईवर गेली. अर्धी चटई मुलांनीच मला दिली, नाही म्हणायची सोय नव्हती. सकाळी मिस्सा. बगांडांच्या झोपडीसारखं शंकूच्या आकाराचं मंदिर, २२ खांबांवर उभं. पण गर्दी मावणार कुठे, म्हणून वेदी बाहेर, तळ्यातल्या बेटावर. केनिया, काँगो, रवांडाचे यात्रेकरू काठाशी दाटीवाटीने बसलेले. प्रभुभोजनासाठी रांगा लागल्या तेव्हा माझ्या शेजारची चिमुरडी उभ्याउभ्या झोपली होती. तिला मोठ्या बहिणीने काखेत धरून पुढे नेलं.

परतीच्या वेळी पुढारणीने वही त्या सोपटवाल्या मुलाच्या हातात दिली. पुढच्या वर्षी तिची शेवटची परीक्षा आहे. पोरगा पंधराचा असेल. त्याने कोरं पान उघडून 'पाहा'खाली काहीतरी लिहिलं. काय लिहिलंस म्हटलं, तर: "तिघांच्या पायाला फोड." मग तो मुलं मोजू लागला. मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून. ती मागे उभी होती, ओठ घट्ट मिटून. आकडा तिला माहीत होता.