त्याचं नाव माझ्या रजिस्टरमध्ये नव्हतं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, लिहू की नको करत इतके महिने गेले. नावगाव, सोसायटी, पोलीस स्टेशन काहीच लिहीत नाहीये, ओळख पटेल असे दोनचार तपशील बदललेत, आणि त्याच्या बायकोला विचारूनच लिहितोय.

मी पुण्यातल्या एका जुन्या मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. पाळक म्हणजे रविवारचा उपदेश आणि नाताळची गाणी असं लोकांना वाटतं, पण आमचा आठवडा जातो कागदांत. शाळेच्या ॲडमिशनला बाप्तिस्म्याचा दाखला, १८७२ च्या कायद्याप्रमाणे लग्नाच्या नोंदी, आज्याच्या कबरीत कोणाला ठेवायचं यावरून दोन चुलत घरांची भांडणं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशी तीन रजिस्टरं लोखंडी कपाटात असतात, किल्ली माझ्याकडे. माणूस मंडळीचा आहे की नाही हे शेवटी त्या कपाटातून ठरतं.

ज्याच्याबद्दल लिहितोय तो लातूरकडचा, मांग समाजातला, पर्वतीच्या पायथ्याला वस्तीत राहायचा. सहा वर्षं दर रविवारी शेवटच्या बाकावर. मी समजायचो लाजाळू आहे. हाताला, कपड्याला कामाचा वास राहतो म्हणून तो पुढं बसत नव्हता हे मला त्याच्या बायकोकडून कळलं, आणि तेसुद्धा तो गेल्यावर. काम ड्रेनेजचं. चोकअप काढणं, चेंबर साफ करणं, सोसायट्यांच्या सेप्टिक टँक. ठेकेदार बोलावेल तेव्हा जायचं, हजेरी नाही, कार्ड नाही, काही नाही.

त्यानं माझ्याकडे तीनदा बाप्तिस्मा मागितला आणि तिन्ही वेळा मीच त्याला थांबवलं.

का थांबवलं ते सांगायला पाहिजे, कारण मंडळीबाहेरच्या लोकांना हे माहीतच नसतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद म्हणतो की हिंदू धर्म सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ ला त्यात शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ ला सांगितलं की ही धर्माची अट काढा. २०२२ ला याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. आणि २०२५ मध्ये आंध्रच्या हायकोर्टात एका पाळकाचीच केस होती, त्यानं जातीवरून मारहाण झाली म्हणून ॲट्रॉसिटी लावली होती, कोर्ट म्हणालं तू ख्रिस्ती आहेस, तुला हा कायदा लागू नाही. आदेशाची तारीख १० ऑगस्ट, त्या दिवशी आम्ही दरवर्षी काळी फीत लावतो. जात काही बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुतली जात नाही हे सरकारला माहीत नसेल असं नाही, आमच्या मंडळीत लग्नं जमवताना काय काय चौकश्या होतात ते एकदा येऊन ऐकावं.

तर त्याची मोठी मुलगी हुशार, पहिल्यांदा विचारलं तेव्हा नववीत होती. तिचा जातीचा दाखला, पुढं जात पडताळणी, स्कॉलरशिप, सगळं डोळ्यापुढं आलं. मी म्हणालो, "अरे थांब जरा, पोरीची व्हॅलिडिटी हातात येऊ दे, प्रभू कुठं पळून जात नाही." तो म्हणाला, "बरं पाळकसाहेब." दुसऱ्यांदा बारावी होती. तिसऱ्यांदा व्हॅलिडिटीचा अर्ज समितीकडे अडकला होता. दर वेळी "बरं पाळकसाहेब".

त्या दिवशी सोमवार होता, आमचा सुट्टीचा वार. सकाळी पावणेअकराला फोन आला. २०२१ ला महापालिकेत जी २३ गावं आली त्यातल्या एका बाजूची सोसायटी, टॉवर चकाचक पण ड्रेनेज लाईन आलेली नाही, टाकीवर कारभार. मी पोचलो तोवर फायर ब्रिगेडनं त्याला वर काढलं होतं. कंबरेला सुताची दोरी, मास्क नाही, ब्लोअर नाही, गॅस मोजायचं यंत्र तर लांबच. जोडीला १९ वर्षांचा पोरगा होता, तो दोन पायऱ्या उतरला आणि वॉचमननं त्याची कॉलर धरून मागं ओढला म्हणून वाचला. पोरगा एकच सांगत होता, आधी वास येत होता मग वासच आला नाही, आम्हाला वाटलं गॅस गेला. हायड्रोजन सल्फाईड असंच करतो, थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास, फार झाला की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं हवा चांगली झाली. हे त्या ठेकेदाराला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही. सोसायटीच्या चेअरमनचं पहिलं वाक्य होतं, "आम्ही कॉन्ट्रॅक्ट दिलेलं आहे."

अशा मृत्यूत मी पोलीस स्टेशनला जायची ही चौथी वेळ होती. स्कूटरच्या डिकीत एक फाईल कायम असते. हाताने मैला साफ करायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा, त्यातलं कलम ७, म्हणजे संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला कुणालाच परवानगी नाही, आणि त्याखालची शिक्षा कलम ९ मध्ये. सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल, १० लाख भरपाई. मग ऑक्टोबर २०२३ चा, ती ३० लाख केली. आणि २०२१ चा मुंबई हायकोर्टाचा, गोवंडीत तीन कामगार गेले होते त्यांच्या बायकांच्या अर्जावर, कारण खाजगी सोसायटी असली की प्रत्येक ऑफिसात ऐकायला मिळतं "हे आमच्यात येत नाही" आणि त्या निकालात पैसे राज्य सरकारला द्यायला लावलेत. हे सगळं मराठीत दोन पानांवर टाईप करून वर लावलेलं आहे. साहेब लोक निकाल वाचत नाहीत, दोन पानं वाचतात. हे शिकायला मला पहिल्या दोन केस घालवाव्या लागल्या.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद घेतली होती आणि तेवढ्यावर मिटवायचं चाललं होतं. संध्याकाळी साडेसातपर्यंत बाकावर बसून होतो. बरोबर त्याच्या बायकोचा भाऊ होता आणि सफाई कामगारांच्या युनियनचा एक कार्यकर्ता, पक्का नास्तिक माणूस, आणि खरं सांगायचं तर अशा वेळी माझ्या कमिटीतल्या कुणाहीपेक्षा तो आधी येतो. शेवटी एफआयआर झाला. निष्काळजीपणा लागला, २०१३ चा कायदा लागला. आणि ॲट्रॉसिटी लावा असा आमचा आग्रह होता, कारण २०१५ च्या दुरुस्तीनं अनुसूचित जातीच्या माणसाला हाताने मैला साफ करायच्या कामाला लावणं त्या कायद्याखाली गुन्हा आहे. सेप्टिक टँक त्यात बसते की नाही हे कोर्ट ठरवेल, पण कलम लागलं की तपास एसीपीकडे जातो आणि ठेकेदाराला अटकपूर्व जामीन सहजासहजी मिळत नाही. भावानं मयताचा जातीचा दाखला पुढं केला. हिंदू मांग. कलम लागलं.

पंचनाम्याची प्रत वाचताना मी एका ओळीवर अडकलो. "गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रॉसच्या आकाराची धातूची वस्तू." नाताळात आम्ही वाटले होते त्यातला.

रात्री त्याच्या बायकोनं विचारलं, माती कुठं द्यायची. त्यानं सांगून ठेवलं होतं म्हणे, मला जाळू नका, मंडळीच्या जागेत ठेवा. मी कमिटीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांना, फोन केले. उत्तर एकच, तो सभासद नाही, बाप्तिस्मा नाही, जागा सभासदांनाच पुरत नाही. पुण्यात कबरीच्या जागेची टंचाई आहे हे खरं आहे. पण एक वडील म्हणाले, "पाळकसाहेब, आज याला दिली तर उद्या सगळी वस्ती येईल", आणि तेव्हा कळलं की प्रश्न जागेचा नाहीये. त्यांचे पणजोबा आणि माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एकाच महारवाड्यातले, अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकले म्हणून आज आम्ही दोघं पँट-शर्टात आहोत. आम्हाला कुणी विचारलं होतं का तेव्हा, उद्या सगळी वस्ती येईल म्हणून?

आता जे लिहायचंय ते जड जातंय. भांडलो असतो तर जागा मिळाली असती. पाळकानं हट्ट धरला की कमिटी झुकते, याआधी झुकली आहे. पण "नाही" ऐकल्यावर मला आतून सुटल्यासारखं वाटलं. कारण ख्रिस्ती दफनभूमीत माती दिली असती तर दफनाच्या रजिस्टरमध्ये नाव आलं असतं, आणि ते नाव ठेकेदाराच्या वकिलाला आयतं मिळालं असतं. मी तिला म्हणालो, "ताई, वैकुंठ स्मशानात नेऊ." कारणही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पोरीचं पण बघायला पाहिजे."

वैकुंठला मी पांढरा झगा घातला नाही, कॉलर लावली नाही, चेकचा शर्ट घालून लोकांत उभा राहिलो. विधी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं केले. चाळिसावं स्तोत्र सारखं डोक्यात येत होतं, त्यात देवानं खड्ड्यातून, चिखलातून वर काढल्याचं आहे. ते मी अनेक मयतांना वाचलंय, त्या दिवशी मनातसुद्धा पुरं म्हणता आलं नाही. आमच्या मंडळीतल्या सात बाया आल्या होत्या, कमिटीतलं कुणी नाही. बायांनी बाहेर पार्किंगमध्ये हळू आवाजात एक भजन म्हटलं. मी त्यांना हळू म्हणा असं सांगितलं होतं, तेही मीच.

आठव्या दिवशी ठेकेदाराचे वकील आले. तरुण, अगदी अदबीनं बोलणारे. मयत आपल्या चर्चचे मेंबर होते का, तसं पत्र द्याल का. मी कपाट उघडलं, बाप्तिस्म्याचं रजिस्टर टेबलावर ठेवलं, म्हणालो बघा. त्यांनी खरंच सहा वर्षांची पानं बघितली. मग विचारलं, "पण ते येत होते ना?" मी म्हणालो, "आमचं दार उघडं असतं, कुणीही येतं." त्यांना लेखी पाहिजे होतं. मी लेटरहेडवर एक ओळ लिहून दिली की सदर व्यक्तीचा बाप्तिस्मा आमच्या मंडळीत झालेला नाही, खाली सही, शिक्का.

त्या ओळीत एकही शब्द खोटा नाही. आणि सहा वर्षं जो माणूस माझ्यासमोर गुडघ्यावर येऊन रडला, त्याला मी त्या ओळीनं माझा नाही म्हणालो. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आधी येशूला नाकारून जे केलं ते मी ऑफिसच्या वेळेत, शिक्क्यासकट केलं. कधी वाटतं हे त्याच्याच लेकरांसाठी केलं, तो असता तर "बरं पाळकसाहेब" म्हणाला असता. आणि मग वाटतं, त्याचं ते "बरं" मी सहा वर्षं किती सहज घेत आलो. कायद्याला तो ख्रिस्ती चालत नव्हता, मंडळीला तो बाप्तिस्म्याशिवाय चालत नव्हता, आणि मधल्या जागेत त्याला उभं करून ठेवणारा मी. पहिल्याच वेळी पाणी घातलं असतं तर? माती आमच्यात झाली असती आणि ठेकेदार जामिनावर बाहेर असता. दोन्ही तराजूत घालायचा प्रयत्न करतो, जमत नाही. कोर्टात शपथेवर विचारलं तर मी सगळं खरं सांगणार आहे, तिलाही हे सांगितलंय. तिनं मान हलवली.

वकिलांना मी जे दाखवलं नाही ते सांगतो. आमच्याकडे अर्पणाचं पावती पुस्तक असतं, पावती फाडून देतात आणि स्थळप्रत पुस्तकातच राहते. तो दर महिन्याला ५० रुपये द्यायचा, कधी २०. लॉकडाऊनचे दोन महिने सोडले तर एक महिना चुकलेला नाही. प्रत्येक स्थळप्रतीवर पूर्ण नाव आहे, खजिनदाराच्या अक्षरात. त्यांनी मागितलं नाही, मी काढलं नाही.

दोन महिन्यांनी ती ऑफिसात आली. केसचं विचारायला आली असेल असं वाटलं. भरपाईच्या फाईलवर कलेक्टर कचेरीतून तिसरी शंका निघाली होती ते मी सांगायला लागलो, तिनं मधेच थांबवलं. "तुमच्या कुठल्याच वहीत त्यांचं नाव नाही का, पाळकसाहेब?" मी ड्रॉवरमधून पुस्तकं काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिला वाचता येत नाही, त्यांचं नाव तेवढं ओळखू येतं, मुलीनं शिकवलेलं. एकेक पान उलटत नावावर बोट ठेवत गेली. बाहेर पाऊस होता, मी लाईट लावला. मग पिशवीतून ५० ची नोट काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "या महिन्याची फाडा."

कुणाच्या नावानं, मी विचारलं.

"त्यांच्याच."

खजिनदार नव्हते. मी स्वतः लिहिलं, नाव पूर्ण, खाली त्या दिवसाची तारीख.